न्यायमूर्ती स्टीफन जे. फील्ड यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जीवनाच्या हक्काचा, अभ्यास करणाऱ्याला न्यायमूर्ती फील्ड हे परदेशी नाव हमखास भेटते. 'जीवन' या शब्दाचा अर्थ केवळ प्राण्यासारखे जगणे एवढाच नाही, हे त्यांचे म्हणणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उद्धृत केलेले आहे. ते लिहिणारा माणूस मात्र बहुतेकांना अपरिचित राहतो. सोन्याच्या शोधात निघालेल्या गर्दीबरोबर कॅलिफोर्नियात उतरलेला एक तरुण वकील, तंबूंच्या गावातला दंडाधिकारी, कायदेमंडळाचा सदस्य आणि शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ३४ वर्षे बसलेला न्यायाधीश, असा त्यांचा प्रवास आहे. तो समजून घेतल्याशिवाय त्या वाक्याचे वजन नीट कळत नाही, अशी आमची धारणा आहे, आणि म्हणूनच ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

स्टीफन फील्ड यांचे घराणे आणि शिक्षण कसे होते?

स्टीफन जॉन्सन फील्ड यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८१६ रोजी कनेटिकट राज्यातील हॅडम येथे झाला आणि त्यांचे बालपण मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज या गावी गेले. वडील धर्मोपदेशक होते. भावंडे कर्तबगार निघाली. थोरले बंधू डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयीन कार्यपद्धतीची संहिता तयार केली, तर धाकटे सायरस फील्ड यांनी अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याचा उद्योग तडीस नेला. तेराव्या वर्षी स्टीफन आपली बहीण व मिशनरी मेहुणे यांच्याबरोबर स्मर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिर येथे गेले आणि दोन-अडीच वर्षे तिथे राहून ग्रीक भाषा बोलू लागले. याच बहिणीचा मुलगा डेव्हिड ब्रूअर पुढे सर्वोच्च न्यायालयात मामांच्या शेजारी न्यायाधीश म्हणून बसला. १८३७ मध्ये विल्यम्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने पदवी घेतल्यावर स्टीफन यांनी न्यूयॉर्कमध्ये थोरल्या भावाच्या हाताखाली कायदा शिकून त्याच्याच भागीदारीत वकिली केली. या भावाकडून मिळालेला संहितेचा संस्कार पुढे कॅलिफोर्नियात अनपेक्षितपणे फळाला आला.

ते कॅलिफोर्नियाला का गेले?

जानेवारी १८४८ मध्ये कोलोमा येथे सोने सापडले आणि त्याच वर्षी मेक्सिकोशी झालेल्या तहाने तो प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात आला. जगभरातून माणसांचा लोंढा तिकडे वाहू लागला. फील्ड त्या वेळी युरोपच्या प्रवासात होते. परत आल्यावर त्यांनी पनामाच्या संयोगभूमीमार्गे सॅन फ्रान्सिस्को गाठले. तारीख होती २८ डिसेंबर १८४९. आपल्या आठवणींत त्यांनी लिहिले आहे, की उतरताना खिशात दहा डॉलर होते, सामान किनाऱ्यावर आणण्यातच सात गेले, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या न्याहारीला दोन. भावाने दिलेली एक जुनी वचनचिठ्ठी वसूल झाली म्हणून पुढचे दिवस निभावले. खाणीत उतरण्याचा त्यांचा विचार नव्हता. जिथे हजारो अनोळखी माणसे जमिनीच्या तुकड्यांवरून एकमेकांशी भांडतात तिथे वकिलाला काम मिळणार, हा हिशेब त्यांनी केला होता आणि तो बरोबर ठरला.

गावात येऊन तीन दिवस झाले असताना ते 'अल्काल्डे' म्हणून निवडून कसे आले?

अल्काल्डे हे स्पॅनिश व मेक्सिकन राज्यव्यवस्थेतले पद होते. गावचा कारभारी, दंडाधिकारी, नोंदणी अधिकारी आणि न्यायाधीश या सगळ्यांची कामे त्या एकाच माणसाकडे असत. अमेरिकेने प्रदेश घेतला तरी नवी राज्यव्यवस्था उभी राहीपर्यंत हे जुने पद तसेच चालू राहिले होते.

जानेवारी १८५० मध्ये फील्ड यूबा आणि फेदर या नद्यांच्या संगमावरील नाय यांच्या वाडीवर पोचले. तिथे शेकडो तंबू होते आणि नगराचा आराखडा कागदावर आखून प्लॉट विक्रीला काढले होते. जवळ जेमतेम वीस डॉलर असताना फील्ड यांनी ६५ प्लॉट आपल्या नावे लिहून घेतले. त्यांची किंमत होती १६,२५० डॉलर. एवढा मोठा गिऱ्हाईक आणि शिवाय वकील, म्हणून मालकांनी त्यांना मानाने वागवले. जमिनीचे मूळ हक्क जॉन सटर यांच्याकडचे होते. ते खरेदीखत फील्ड यांनी तयार करून दिले. लगेच गावसभा भरली, नगराचे नाव मेरीज्व्हिल ठरले आणि अल्काल्डेची निवडणूक झाली. फील्ड हे उपरे आहेत, गावात येऊन त्यांना तीनच दिवस झाले आहेत, हा त्यांच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप होता. त्यांचे प्रतिस्पर्धी येऊन मात्र तब्बल सहा दिवस झाले होते! फील्ड नऊ मतांनी जिंकले. या प्रसंगाचे हसू येते हे खरे, पण ज्या समाजात सहा दिवसांचा रहिवासी जुना ठरतो तिथे मालकी, कर्ज आणि गुन्हा यांचा निवाडा कोणत्या परंपरेच्या आधारे करायचा, हा प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता.

तुरुंग नसलेल्या गावात ते न्याय कसा देत?

दिवाणी वाद ते उभय पक्षांचे ऐकून, बहुधा त्याच बैठकीत, मिटवत. गुन्ह्यांच्या बाबतीत ते इतके सोपे नव्हते. खाणींच्या मुलुखात चोराला झाडाला लटकवण्याची रीत पडत चालली होती. दाराला कुलूप नसलेल्या तंबूत राहणाऱ्या माणसाची सगळी कमाई सोन्याच्या भुकटीची एक थैली असे, आणि ती गेली की लोकांचा संयम सुटे. गावात तुरुंग नव्हता, दूरच्या तुरुंगात पाठवण्याला पैसा नव्हता. अशा वेळी फील्ड यांनी पंच बसवून खटले चालवले आणि चोरी सिद्ध झाल्यास जाहीर फटक्यांची शिक्षा दिली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की फटके दिले नसते तर जमावाने आरोपीला फाशी दिली असती. एका प्रकरणात त्यांनी चोरलेल्या सोन्याचा ठावठिकाणा सांगेपर्यंत रोज फटके, अशी कठोर वाटणारी शिक्षा फर्मावली आणि आरोपीला अकारण इजा होऊ नये म्हणून तिथे डॉक्टरला हजर राहायला खासगीत सांगून ठेवले.

आजच्या मापाने ही शिक्षा क्रूरच आहे. तरीही इथे नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी, की आरोप, पुरावा, पंच आणि निकाल हा क्रम त्यांनी त्या गर्दीतही मोडू दिला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात १८७८ च्या 'पेनॉयर विरुद्ध नेफ' या खटल्यात, ज्या माणसाला रीतसर नोटीस बजावली नाही आणि जो राज्याच्या हद्दीत नाही त्याच्यावर त्या राज्याच्या न्यायालयाचा व्यक्तिगत निकाल बंधनकारक होऊ शकत नाही, असे त्यांनी लिहिले. अमेरिकेतील कायद्याचे विद्यार्थी आजही अधिकारक्षेत्राचा धडा या निकालापासून गिरवतात. योग्य कार्यवाहीचा हा आग्रह मेरीज्व्हिलमध्येच घडला असावा, असे आम्हाला वाटते.

न्यायाधीश टर्नर यांच्याशी त्यांचा वाद काय होता?

१८५० च्या उन्हाळ्यात राज्याची नवी न्यायालये सुरू झाली, अल्काल्डेचे पद संपले आणि फील्ड पुन्हा वकील झाले. जिल्हा न्यायाधीश म्हणून विल्यम टर्नर आले. जून महिन्यात एका साध्या अर्जावर युक्तिवाद करताना दोघांचा खटका उडाला. टर्नर यांनी फील्ड यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५०० डॉलर दंड आणि ४८ तास कैद सुनावली. हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा कैदेतून सोडवण्याच्या, अर्जावर काउंटी (जिल्ह्याहून लहान विभाग) न्यायाधीशांनी फील्ड यांना सोडले, तेव्हा टर्नर यांनी त्या न्यायाधीशांनाही अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि फील्ड यांची सनद काढून घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती त्यांना परत मिळवून दिली. मात्र वैर शमले नाही, वर्तमानपत्रांतून दोघे एकमेकांवर तुटून पडत राहिले, आणि टर्नर यांच्या धमक्यांमुळे फील्ड कोटाच्या खास शिवून घेतलेल्या खिशांत पिस्तुले बाळगून हिंडू लागले.

ते राजकारणात शिरले ते सूड घेण्यासाठी का?

काही अंशी होय, आणि ते लपवण्याचे कारण नाही. १८५१ च्या जानेवारीत सॅन होझे येथे कायदेमंडळाचे दुसरे अधिवेशन भरले तेव्हा फील्ड तिथे मेरीज्व्हिलचे प्रतिनिधी होते. त्यांनी न्यायालयांची फेररचना करणारा कायदा मांडला. त्यातून टर्नर यांचा जिल्हा उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात सरकला. टर्नर यांच्यावर महाभियोग चालवावा असा प्रस्तावही आला, पण तो थोडक्या मतांनी बेमुदत पुढे ढकलला गेला.

एवढेच काम केले असते तर त्यांचे नाव कोणी लक्षात ठेवले नसते. त्या एका अधिवेशनात फील्ड यांनी दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीचे दोन मोठे कायदे तयार केले. आधार म्हणून थोरल्या भावाची न्यूयॉर्कची संहिता घेतली, पण कॅलिफोर्नियाच्या परिस्थितीनुसार शेकडो कलमे बदलली किंवा नव्याने लिहिली. पश्चिमेकडच्या इतर राज्यांनी आणि प्रदेशांनीही पुढे हाच साचा उचलला. या फील्ड बंधूंच्या कामाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो: डेव्हिड डडली यांच्या न्यूयॉर्क दिवाणी संहितेच्या मसुद्याचा उपयोग १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील काही कलमे तयार करताना झाला होता.

ऋणकोंच्या बाबतीत त्यांनी केलेली तरतूदही त्या मुलुखाची जाण दाखवणारी होती. कर्जाच्या वसुलीत शेतकऱ्याची अवजारे, गाडी व जनावरे, कारागिराची हत्यारे, डॉक्टरची उपकरणे आणि वकिलाची पुस्तके जप्त करता येणार नाहीत, असे त्यांनी कायद्यात घातले. ज्या साधनांवर माणूस पोट भरतो ती काढून घेतली तर तो कर्ज कशातून फेडणार, हा त्यामागचा सरळ विचार होता.

खाणकामगारांच्या रूढींना त्यांनी कायद्याचा दर्जा दिला म्हणतात. नेमके काय केले?

हे त्यांच्या राजकीय आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम होय, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सोन्याच्या जमिनी बहुतांशी संघराज्याच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांवर खाणकाम कसे करावे याचा एकही कायदा वॉशिंग्टनमध्ये झालेला नव्हता. काटेकोर बोलायचे तर तिथला प्रत्येक खाणकामगार दुसऱ्याच्या जमिनीत घुसलेला होता. तरीही सगळा कारभार बेबंद नव्हता. प्रत्येक खाणपट्ट्यातले कामगार सभा भरवत आणि नियम ठरवत: एका माणसाने किती फूट जागा धरावी, खुंट्या कशा ठोकाव्यात, किती दिवस काम बंद राहिले तर हक्क जातो, पाण्याचा पाट आधी काढील त्याचा हक्क पहिला. हे नियम पट्ट्यापट्ट्याला वेगळे होते.

फील्ड यांनी आपल्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात ६२१ वे कलम घातले. खाणींच्या दाव्यांत त्या त्या पट्ट्यातील प्रथा, रूढी आणि नियम यांचा पुरावा ग्राह्य धरावा आणि राज्याच्या संविधानाशी व कायद्यांशी त्यांचा विरोध नसेल तेथे त्यांनुसार निकाल द्यावा, एवढेच ते सांगते. मोजके शब्द, पण परिणाम दूरवर गेला. कायदेमंडळाने वरून नियम लादण्याऐवजी लोकांनी स्वतः घडवलेल्या नियमांना न्यायालयाचा आधार दिला, आणि १८६६ मध्ये संघराज्याच्या काँग्रेसने खाणींचा पहिला कायदा केला तेव्हाही स्थानिक रूढींना मान्यता देण्याचे हेच तत्त्व त्यात आले.

त्यांनी कधी द्वंद्वयुद्ध केले होते का?

नाही, पण त्याच्या अगदी तोंडाशी गेले होते. टर्नर प्रकरणाच्या चर्चेत बेंजामिन मूर या सदस्याने त्यांना सभागृहात अपमानकारक शब्द वापरले. फील्ड यांनी माफी अथवा द्वंद्व असा निरोप पाठवायचे ठरवले, पण तो घेऊन जायला मित्र तयार होईनात. तेव्हा फारशी ओळख नसलेले डेव्हिड ब्रॉडरिक पुढे आले. मूर यांनी अखेर सभागृहातच माफी मागितली. पुढे एकदा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात टर्नर यांचा भाऊ पिस्तूल काढत असताना याच ब्रॉडरिक यांनी फील्ड यांना ढकलत बाहेर नेऊन वाचवले. फील्ड हे उपकार जन्मभर विसरले नाहीत.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी काय केले?

१८५१ नंतर राज्याच्या सेनेटची उमेदवारी थोडक्यात हुकल्यावर त्यांनी सहा वर्षे मेरीज्व्हिलमध्ये जोरात वकिली केली. १८५७ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात आले आणि १८५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. ते पद रिकामे झाले त्याचे कारण विलक्षण होते. आधीचे मुख्य न्यायाधीश डेव्हिड टेरी यांनी राजीनामा दिला आणि १३ सप्टेंबर १८५९ रोजी द्वंद्वयुद्धात ब्रॉडरिक यांना, जे तोवर अमेरिकन सेनेटचे सदस्य झाले होते, प्राणघातक जखमी केले. टेरी हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

न्यायालयापुढचे खरे अवघड काम जमिनीचे होते. मेक्सिकन राजवटीने दिलेल्या विस्तीर्ण इनाम जमिनींवर नव्या लोकांनी घरे, शेते आणि खाणी उभारल्या होत्या, आणि मतदारांत बहुसंख्या याच लोकांची होती. जॉन फ्रेमाँट यांच्या मारिपोसा जमिनीच्या प्रकरणात न्यायालयाने आधी खाणकामगारांच्या बाजूने निकाल दिला होता. फेरसुनावणीत १८५९ मध्ये फील्ड यांनी तो फिरवला आणि खासगी मालकीच्या जमिनीत शिरून सोने काढण्याचा परवाना कोणालाही मिळालेला नाही, असे ठरवले. १८६१ च्या आणखी एका निकालात सरकारने दिलेल्या जमिनीबरोबर तिच्या पोटातील खनिजेही मालकाकडे जातात, हे त्यांनी पक्के केले. लोक संतापले. ज्याने आमच्या रूढींना कायद्यात स्थान दिले तोच आज जमीनदारांची बाजू घेतो, असे त्यांना वाटणे समजण्यासारखे आहे. फील्ड यांच्या मते मात्र यात विसंगती नव्हती, कारण रूढींचे राज्य सरकारी जमिनीपुरते होते आणि जिथे हक्काचा कागद आहे तिथे कागदच चालणार. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण वर्षानुवर्षे कसलेली जमीन एका निकालाने गमावलेल्या कुटुंबाला त्याने समाधान मिळाले नसणार, हेही तितकेच खरे.

डेमोक्रॅट असूनही अब्राहम लिंकन यांनी त्यांची नेमणूक का केली?

१८६३ मध्ये यादवी युद्ध ऐन भरात होते. सोने आणि चांदी पुरवणारे पश्चिमेचे प्रांत संघराज्याशी बांधून ठेवणे लिंकन यांना निकडीचे होते. काँग्रेसने कॅलिफोर्निया व ओरेगन यांच्यासाठी नवे दहावे सर्किट, म्हणजे संघराज्याच्या न्यायालयांचा विभाग, आणि सर्वोच्च न्यायालयात दहावी जागा निर्माण केली. त्या भागातील जमीन आणि खाणींचे वाद समजणारा न्यायाधीश हवा होता, आणि फील्ड डेमोक्रॅट असले तरी संघराज्याच्या बाजूचे होते. गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांनीही त्यांची शिफारस केली. १० मार्च १८६३ रोजी नेमणूक पक्की झाली. शपथ घेण्यासाठी फील्ड यांनी २० मे हा दिवस निवडला, कारण तो वडिलांचा वाढदिवस होता.

नेमणुकीनंतरही त्यांचा पश्चिमेशी संबंध तुटला नाही. न्यायाधीशांना आपापल्या सर्किटमध्ये जाऊन खटले चालवावे लागत, त्यामुळे त्यांच्या कॅलिफोर्नियाच्या फेऱ्या चालूच राहिल्या, आणि तिथली वैरेही. १८६६ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून टपालाने आलेल्या एका पार्सलात बॉम्ब निघाला. ते उघडता उघडता शेजारच्या मित्राला संशय आला म्हणून अनर्थ टळला.

उपजीविकेच्या हक्काबाबत त्यांची भूमिका काय होती?

१८६९ मध्ये लुइझियाना राज्याने न्यू ऑर्लिन्समधील जनावरे कापण्याच्या धंद्याची मक्तेदारी एका कंपनीला दिली. इतर खाटकांनी दाद मागितली. १८७३ च्या 'स्लॉटरहाऊस' खटल्यांत पाच विरुद्ध चार मतांनी मक्तेदारी टिकली. असहमतीचे प्रमुख निकालपत्र फील्ड यांचे होते. सर्वांना सारख्या असलेल्या नियमांच्या अधीन राहून कोणताही कायदेशीर धंदा करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि राज्यांपासून व्यक्तीच्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्याचे रक्षण केले आहे, असे त्यांनी मांडले. फावडे घेऊन आलेल्या कोणालाही जागा धरता येत होती अशा खाणपट्ट्यांत ज्याची जडणघडण झाली त्याच्याकडून हा विचार येणे स्वाभाविक होते.

परंतु दुसऱ्याच दिवशी मायरा ब्रॅडवेल या स्त्रीला केवळ स्त्री म्हणून वकिलीची सनद नाकारणारा इलिनॉयचा निर्णय न्यायालयाने कायम केला, आणि फील्ड त्या बाजूला होते. स्त्रीचे स्थान घरात आहे असे सांगणाऱ्या सहमतीच्या मतावर त्यांनीही संमती दर्शवली. १८८० मध्ये कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळण्याविरुद्ध न्यायालयाने निकाल दिले तेव्हाही ते विरोधात होते. स्वातंत्र्याची त्यांची व्याख्या व्यापक होती, पण ती कोणाला लागू करायची याबद्दल त्यांची दृष्टी अरुंद होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिनी स्थलांतरितांच्या प्रकरणांत ते कोणत्या बाजूला होते?

दोन्ही बाजूंना, आणि म्हणूनच हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सॅन फ्रान्सिस्को शहराने कैद्यांचे केस एक इंचापर्यंत कापण्याचा नियम केला होता. शब्दांत तो सर्वांसाठी होता, पण रोख चिनी पुरुषांच्या लांब वेणीवर होता, जी कापली जाणे त्यांच्यासाठी मोठी अप्रतिष्ठा होती. हो आह काउ या माणसाने दावा लावला. १८७९ मध्ये सर्किट न्यायालयात फील्ड यांनी तो नियम रद्द ठरवला. न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसल्यावर माणूस म्हणून जे डोळ्यांना दिसते त्याकडे आंधळेपणा धरता येत नाही, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. तुरुंगातील सर्वांना डुकराचे मांस खाण्याची सक्ती केली तर ती सनातनी ज्यूंवर अन्याय करील, तसाच हा नियम आहे, असा दाखला त्यांनी दिला. चौदाव्या घटनादुरुस्तीचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे त्यांनी ठामपणे सांगितले. कॅलिफोर्नियात त्यांच्याविरुद्ध गदारोळ उठला.

दहा वर्षांनी, १८८९ मध्ये, चे चान पिंग हा अमेरिकेत वर्षानुवर्षे राहिलेला मजूर परत येण्याचा सरकारी दाखला घेऊन चीनला गेला होता. तो परतला त्याच्या एकच आठवडा आधी काँग्रेसने असे सर्व दाखले रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाचा एकमताचा निकाल फील्ड यांनी लिहिला, सरकारला परकीयांना वगळण्याचा सार्वभौम अधिकार असल्याचे सांगितले आणि चिनी लोकांविषयी वंशभेदाची भाषा वापरली. देशात असलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण, पण दारात उभ्या असलेल्याला काहीच नाही, असा भेद त्यांनी केला, असे समर्थन काही अभ्यासक देतात. त्या माणसाच्या हातात सरकारनेच दिलेला कागद होता, हे लक्षात घेता आम्हाला ते पटत नाही. आयुष्यभर कागदावरच्या हक्काचे रक्षण करणाऱ्या न्यायाधीशाने इथे कागदाकडे पाठ फिरवली.

त्यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते का?

होय. १८८० मध्ये सिनसिनाटी येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात पहिल्या फेरीत त्यांना ६५ मते मिळाली, पण पुढे टिकाव लागला नाही. १८८४ मध्ये त्यांच्याच राज्यातील पक्षाने त्यांच्याविरुद्ध ठराव केला. १८८८ मध्ये सरन्यायाधीशपदाची जागा रिकामी झाली तेव्हा अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी मेल्व्हिल फुलर यांना नेमले.

टेरी प्रकरण नेमके काय होते?

नेवाडाचे माजी सेनेटर आणि चांदीच्या खाणींवर गडगंज झालेले विल्यम शॅरन यांनी आपल्याशी गुप्त लेखी विवाह केला, असा दावा सारा अल्थिया हिल या स्त्रीने केला होता. राज्याच्या न्यायालयाने तो मान्य केला, तर संघराज्याच्या न्यायालयाने विवाहाचा कागद बनावट ठरवला. शॅरन वारले, आणि साराने आपले वकील, म्हणजे द्वंद्वयुद्धवाले तेच डेव्हिड टेरी, यांच्याशी १८८६ मध्ये लग्न केले. ३ सप्टेंबर १८८८ रोजी फील्ड सॅन फ्रान्सिस्कोत तिच्याविरुद्ध निकाल वाचत असताना ती उभी राहून त्यांनी किती पैसे घेतले असे ओरडली. तिला बाहेर नेण्याचा हुकूम झाला, टेरी यांनी मार्शलला (न्यायालयाच्या हुकमांची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला) ठोसा मारला आणि सुरा काढला. अवमानाबद्दल टेरी यांना सहा महिने आणि साराला तीस दिवस कैद झाली. दोघांनी फील्ड यांना मारण्याच्या धमक्या उघडपणे दिल्या.

पुढच्या वर्षी फील्ड सर्किटवर आले तेव्हा सरकारने डेव्हिड नीगल यांना अंगरक्षक म्हणून दिले. १४ ऑगस्ट १८८९ रोजी गाडी लॅथ्रॉप स्थानकावर न्याहारीसाठी थांबली. योगायोगाने टेरी पती-पत्नीही त्याच गाडीत होते. टेबलाशी बसलेल्या ७२ वर्षांच्या फील्ड यांना टेरी यांनी मागून मारले, आणि नीगल यांनी गोळ्या झाडून टेरी यांना जागीच ठार केले. टेरी यांच्याकडे शस्त्र नव्हते. राज्याच्या पोलिसांनी नीगल यांना खुनासाठी पकडले. काही काळ खुद्द फील्ड यांच्यावरही अटकेचा हुकूम होता. संघराज्याच्या न्यायालयाने हेबियस कॉर्पसद्वारे नीगल यांना सोडले, आणि एप्रिल १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ते कायम केले. फील्ड या सुनावणीत सहभागी नव्हते. कोणत्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेले नसले तरी आपल्या न्यायाधीशांचे रक्षण करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आहे, हे त्यातून ठरले. तीस वर्षांपूर्वी ब्रॉडरिक यांचा प्राण घेणाऱ्याचा शेवट ब्रॉडरिक यांनी वाचवलेल्या माणसासमोर झाला, असे कॅलिफोर्नियातील जुन्या लोकांच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल.

ते इतकी वर्षे पदावर का राहिले?

पूर्वीचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या ३४ वर्षांच्या कार्यकाळाचा विक्रम त्यांना मोडायचा होता. अखेरच्या काळात त्यांचे भान वरचेवर हरपे. सहकाऱ्यांनी न्यायमूर्ती हार्लन यांना त्यांच्याकडे पाठवले, अशी आठवण सांगितली जाते. न्यायमूर्ती ग्रिअर यांना पूर्वी निवृत्तीचा सल्ला द्यायला आपणच गेला होतात ना, असे हार्लन यांनी विचारताच फील्ड उसळून म्हणाले, की याहून घाणेरडे काम आयुष्यात केले नाही. १ डिसेंबर १८९७ रोजी ते निवृत्त झाले. ९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा विक्रम १९७३ मध्ये विल्यम डग्लस यांनी मोडला.

'जीवन म्हणजे केवळ प्राण्यासारखे अस्तित्व नव्हे' हे वाक्य कोणत्या खटल्यातले आहे, आणि ते मुंबईपर्यंत कसे पोचले?

खटला 'मन विरुद्ध इलिनॉय' हा, १८७७ चा. शिकागोतील धान्याच्या कोठारांचे मालक शेतकऱ्यांकडून मनमानी भाडे घेत होते, म्हणून इलिनॉय राज्याने भाड्यावर कमाल मर्यादा घातली. न्यायालयाने ती वैध ठरवली. फील्ड यांनी असहमती लिहिली. मालमत्ता हिरावणे म्हणजे केवळ तिचा ताबा घेणे नव्हे, तिच्या वापरावर आणि मिळकतीवर घाला घालणेही त्यातच येते, हे सिद्ध करताना त्यांनी 'जीवन' या शब्दाचे उदाहरण घेतले: त्यात नुसत्या जिवंत राहण्याहून अधिक काही आहे, आणि जीवनाचा उपभोग ज्या अवयवांनी व शक्तींनी घेता येतो त्या सर्वांपर्यंत त्याचे संरक्षण पोचते. म्हणजे हे वाक्य जन्मले ते कोठारमालकांच्या बचावासाठी.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या पाळतीविषयीच्या खरकसिंग खटल्यात ते प्रथम आधाराला घेतले. त्यानंतर मुंबई महापालिकेने पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवायला सुरुवात केली, तेव्हा ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी जुलै १९८५ मध्ये दिलेल्या निकालात फील्ड यांचे नाव घेऊन हेच वाक्य उद्धृत केले आणि उपजीविकेचा हक्क हा जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरवले. उपजीविकेची साधने काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे, हा त्यातला युक्तिवाद वाचताना कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळणाऱ्या १८५१ च्या त्या कायद्याची आठवण आम्हाला तरी होते. महापालिकेचा पदपथ मोकळे करण्याचा अधिकार मात्र न्यायालयाने मान्य केला. फक्त पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाची झोपडी पाडू नये, असा आदेश दिला.